कर्करोगातून उठलेली मुले आणि त्यांचे खेळणे

महाजनांच्या स्नेहमेळाव्यात अमरगोळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



उत्सवाच्या निमित्ताने घराणी एकत्र जमली म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मेळ्याशेजारी मुलांचाही एक मेळा आपोआप भरतो. आरती आणि महाप्रसाद यांच्या मधल्या वेळात प्रांगणात लगोरी होते, पकडापकडी होते, पायऱ्यांवरून उड्या पडतात, कोणाचा तरी गुडघा फुटतो आणि दोन घटकांत विसरलाही जातो. या मेळ्यात अलीकडे मधूनच असे एखादे मूल दृष्टीस पडते की जे धावत नाही. ते खांबाच्या सावलीत खुर्चीवर बसलेले असते. डोक्यावरचे केस नव्याने आलेले, चेहरा किंचित फुगीर, शेजारी आजी अथवा मावशी. चेंडू घरंगळत पायाशी आला तर तो उचलून परत देण्यापुरताच त्याचा खेळाशी संबंध. ते उठू लागले की लगेच हाताला धरून सांगण्यात येते, "बस रे बाळा, दमशील. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलास तू."

या व्याख्यानाचा विषय ती खुर्ची हा होय.

अमरगोळच्या रहिवाशांना कर्करोग हा शब्द नवा नाही. हुबळी आणि धारवाड या दोन शहरांच्या मधोमध हे गाव. एका अंगाला शंकरलिंग आणि बनशंकरी यांची चालुक्य शैलीची जुनी देवळे, दुसऱ्या अंगाला बाजार समितीचे मोठे आवार, आणि जवळच नवनगरात कर्करोगाच्या उपचारांसाठी उभारलेले कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट हे रुग्णालय. भोवतालच्या जिल्ह्यांतून हातात फायली घेतलेली माणसे या रस्त्यावर उतरतात आणि त्यांत काही मुलेही असतात. काही कुटुंबे येथून पुढे बंगळूरच्या किडवाई संस्थेत जातात, काही रात्रीची गाडी धरून मुंबईस परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. जाताना सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो, मूल वाचेल काय? तो इतका मोठा असतो की वाचल्यानंतर त्या मुलाने कसे जगावे हा दुसरा प्रश्न विचारावयाचे कोणाला सुचत नाही.

हा दुसरा प्रश्न फार जुनाही नाही. १९४८ साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्यूकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, मुलांवर औषधाचा तात्पुरता का होईना पण परिणाम होतो असे दाखवून दिले, तोपर्यंत हा रोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असे. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. दरिद्री देशांत हाच आकडा तिसांच्याही खाली आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात मूल कोणत्या गावी जन्मले, रोग केव्हा ओळखला गेला आणि उपचार मध्येच सुटले की पुरे झाले, यांवर सारे अवलंबून असते. तथापि चांगल्या केंद्रात वेळेवर पोचलेल्या मुलाची आशा येथेही मोठी आहे. १९८० नंतरच्या दशकात टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांचे सहकारी यांनी ल्यूकेमियाच्या मुलांसाठी एक ठरीव उपचारक्रम अवलंबिला, आणि बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या वाढू लागली. डॉ. अडवाणी यांना स्वतःला आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि त्यांचे सारे वैद्यकीय आयुष्य चाकांच्या खुर्चीवरून गेले, हे येथे सहज आठवते. एका माणसाला खुर्ची सोडता आली नाही, आणि त्याच्या हातून बरी झालेली मुले मात्र पायांत बळ असताना खुर्चीत बसविली जातात!

बरी झालेली मुले मोठी होऊ लागली तेव्हा त्यांच्याकडे पाहावयाचे कोणी, असा प्रश्न आला. टाटा रुग्णालयात १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी यासाठी एक स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. उपचार संपून दोन वर्षे झाली आणि रोगाचा मागमूस नाही, अशा मुलांनी तेथे दरवर्षी यावे, अशी त्याची योजना. रोग परत आला काय, एवढेच तेथे पाहत नाहीत. उंची वाढते का, हृदय कसे चालते, मूल शाळेत जाते का, हेही पाहतात. यावरून एक गोष्ट उघड होते. रोग गेला म्हणजे सारे संपले, असे वैद्यांनाच वाटत नाही.

आता ही औषधे शरीरात नेमके काय करतात हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण खुर्चीचा निर्णय त्यावरच ठरतो.

घराघराच्या परसात सदाफुली असते. देवपूजेच्या तबकात तिची पांढरी आणि गुलाबी फुले नित्य पडतात. याच झाडाच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन हे औषध निघते आणि १९६३ पासून ते ल्यूकेमियाच्या मुलांना दिले जात आहे. कर्करोगाच्या पेशीला दुभंगून दोन होण्यासाठी आत जे सूक्ष्म धागे लागतात, ते हे औषध जुळू देत नाही. परंतु तसलेच धागे मज्जातंतूंतही असतात. पाठीच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब, आणि धक्का आधी तेथेच पोचतो. मूल चवडे उचलू शकत नाही, चालताना पाऊल फटकन जमिनीवर आपटते, चपला वारंवार निसटतात, सपाट जागीही ते अडखळते. घरातील माणसे म्हणतात, अशक्तपणा आहे, बसू द्या. वस्तुतः हा तंतूंचा विकार असतो. बहुतेक मुलांत तो काही महिन्यांत अथवा वर्षादोन वर्षांत बराचसा भरून येतो. मात्र तोपर्यंत घोट्याचे स्नायू आखडू न देणे हे काम व्यायामाचे आहे. टाचांवर चालता येते का, एवढी साधी परीक्षा घरच्या व्हरांड्यात घेता येते.

दुसरे औषध लाल रंगाचे. इटलीतील एका जुन्या किल्ल्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या जंतूपासून या जातीची औषधे निघाली. त्यांतील एकाला एड्रियाटिक समुद्रावरून अ‍ॅड्रियामायसिन हे नाव पडले. शिरेतून ते दिल्यावर मुलाची लघवी लाल होते आणि न सांगितलेली आई घाबरून जाते. कर्करोगावर हे औषध मोठे प्रभावी आहे, परंतु हृदयाच्या स्नायूंच्या पेशींनाही त्याची झळ लागते. हाडाच्या किंवा कातडीच्या पेशी मेल्या तर नव्या येतात, हृदयाच्या पेशी जवळजवळ येत नाहीत. मूल वाढते, शरीर दुप्पट होते, आणि कमी उरलेल्या पेशींच्या हृदयाला ते सारे पोसावे लागते. त्यामुळे दुष्परिणाम कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. दर चौरस मीटर अंगक्षेत्रामागे एकूण अडीचशे मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा झाली असेल तर धोका मोठा समजतात. छातीवर किरण दिलेले असतील तर त्यात भर पडते.

तिसरी गोष्ट स्टिरॉइडची. गाल फुगतात, भूक वाढते, मांड्यांचे स्नायू झिजतात, हाडे विरळ होतात. दहा वर्षांवरील मुलांत क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या हाडाचा तेवढा भाग मरतो. जांघेत दुखणारा, लंगडणारा मुलगा केवळ आळशी आहे असे समजू नये. पूर्वी ल्यूकेमियाच्या पुष्कळ मुलांना डोक्यावर किरण दिले जात. आता अनेक उपचारक्रमांत ते टाळतात. ज्यांना ते मिळाले, विशेषतः लहान वयात मिळालेल्या मुलींना, उंची कमी राहणे आणि वजन वाढणे हा त्रास अधिक होतो.

आता हेच मूल खुर्चीत बसवले म्हणजे काय घडते ते पाहावे. ल्यूकेमियाचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. त्या काळात रक्त कमी, संसर्गाची भीती, पोटात मळमळ, आणि म्हणून मूल बव्हंशी अंथरुणावर. उपचार संपतात तेव्हा स्नायू आधीच झिजलेले, हाडे विरळ, हृदयावर ओरखडा. निरोगी मुलालाही वर्षभर बसवून ठेवले तर त्याचा दम कमी होतो. येथे तर औषधाने एकदा नुकसान केले आणि त्यावर मायेने दुसऱ्यांदा केले. मायेने हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे, कारण यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्या आईने पोराच्या उशाशी रात्रीच्या रात्री काढल्या, तिला ते जिन्यावरून पळताना पाहवत नाही, हे समजण्यासारखे आहे.

परंतु आकडे मायेला जुमानत नाहीत. अमेरिका आणि कॅनडा येथील रुग्णालयांनी १९९४ पासून बालपणी कर्करोग झालेल्या हजारो व्यक्तींचा मागोवा ठेवला आहे. २००६ साली त्यांतील १०,३९७ जणांची माहिती प्रसिद्ध झाली. सरासरी वय साडेसव्वीस वर्षांच्या आसपास. त्यांपैकी ६२.३ टक्के जणांना एखादा तरी दीर्घकाळचा विकार होता आणि २७.५ टक्क्यांचा विकार गंभीर किंवा जिवावरचा होता. मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयाने २०१३ साली याहून विचार करावयास लावणारी गोष्ट सांगितली. सरासरी तेहेतीस-चौतीस वर्षांच्या या तरुण माणसांत म्हातारपणीचा खचलेपणा, म्हणजे पकड सैल, चाल मंद, थोड्या श्रमाने थकवा, असा एकत्र दिसणारा प्रकार स्त्रियांत १३.१ टक्के आणि पुरुषांत २.७ टक्के आढळला. तिशीतल्या बाईची चाल साठी उलटलेल्या बाईसारखी! स्त्रिया आणि पुरुष यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येईल.

आता दुसरी बाजू. २०१४ साली लहानपणी हॉजकिन नावाच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या १,१८७ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील पुष्कळांच्या छातीला किरणांचा किंवा लाल औषधाचा प्रसाद मिळालेला होता, म्हणजे जपून बसावे अशीच त्यांची प्रकृती. जे दम लागेल असा व्यायाम मुळीच करीत नव्हते, त्यांच्यापैकी शंभरात बारांना दहा वर्षांत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा गंभीर विकार झाला. जे पुरेसा व्यायाम करीत होते, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात पाच होते. पुरेसा म्हणजे किती? आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटे, घाम येईल इतका. २०१८ साली १५,४५० जणांच्या पाहणीत असे दिसले की, आठ वर्षांच्या काळात ज्यांनी आपला व्यायाम वाढविला त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, न वाढविणाऱ्यांच्या मानाने, चाळीस टक्क्यांनी कमी होते.

येथे एक शंका रास्त आहे आणि ती दडपून पुढे जाणे बरे नव्हे. ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच व्यायाम करतात, मग श्रेय प्रकृतीचे की व्यायामाचे? अशा पाहण्यांतून याचा पक्का निकाल लागत नाही. संशोधकांनी वय, औषधांची मात्रा, आधीचे विकार यांचा हिशेब वजा करून आकडे काढले आहेत, तरीही थोडी शंका उरतेच. पण खुर्चीत बसण्याने हृदय किंवा हाड बळकट झाले, असे मात्र कोणत्याही पाहणीत आढळलेले नाही. २०२१ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन बालकर्करोग आणि हालचाल यांविषयी मार्गदर्शन तयार केले. सर्व मुलांनी, उपचार चालू असतानासुद्धा, आपापल्या शक्तीप्रमाणे हालचाल करावी, हा त्याचा गाभा आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. कर्करोगातून उठलेल्या मुलाचे गंतव्यही तेच. फक्त त्याने तेथे पायरी पायरीने पोचावयाचे असते.

या पायऱ्यांची कल्पना यावी म्हणून अमरगोळच्याच एखाद्या घरातील बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. हा मुलगा कल्पनेतील आहे, पण त्याच्यासारखी मुले खरी आहेत. ल्यूकेमियाचे उपचार संपून आठ महिने झाले. शाळेत तो परत गेला आहे. कवायतीच्या तासाला मात्र वर्गात एकटा बसतो, कारण वडिलांनी मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली आहे, "माझ्या मुलास खेळ व कवायत यांतून कायमची सूट मिळावी." ही चिठ्ठी कोणत्याही वैद्याने मागितली नव्हती.

त्या मुलाने आरंभी काय करावे? प्रथम त्याच्या हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी, जिला लोक इको म्हणतात, ती झालेली असावी, आणि वैद्याला स्पष्ट शब्दांत विचारावे की, याने धावावे काय. बहुतेक वेळा उत्तर होकारार्थी मिळते. मग घरापासून रेल्वे स्थानकापर्यंत किंवा उणकल तलावाच्या काठाने रोज दहा मिनिटे चालणे, पंधरवड्याने पंधरा मिनिटे, पुढे वीस. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका दम, हे माप कोणत्याही यंत्रावाचून वापरता येते. टाचांवर आणि चवड्यांवर चालणे, भिंतीला धरून एका पायावर उभे राहणे, जिना एक मजला चढणे. दोन-तीन महिन्यांनी सायकल. लंगडी हा घोट्यासाठी उत्तम खेळ आहे, परंतु खुब्याच्या हाडाचा विकार असेल तर तोच खेळ घातक, म्हणून जांघ दुखत असल्यास आधी हाड तपासून घ्यावे. पोहणे सांध्यांवर भार देत नाही. सूर्यनमस्कार तर मराठी घरांत औंधच्या पंतप्रतिनिधींच्या काळापासून शाळाशाळांतून रुजलेले. सावकाश घातलेले चार नमस्कारही स्नायू आणि श्वास दोन्हींना काम देतात. हृदय अशक्त ठरले असेल त्या मुलाने मात्र श्वास कोंडून जड वजने उचलू नयेत, आणि तालमीत जोर काढावयाचे ठरविले तरी वस्तादाला सारी हकीकत सांगावी. छाती दुखणे, भोवळ, ठोके अकारण धडधडणे, पायाला सूज, ही थांबण्याची लक्षणे. नुसता दम लागणे, घाम येणे, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठणकणे, ही चालू ठेवण्याची.

हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागलेल्या मुलांसंबंधी एक वेगळा शब्द बोलला पाहिजे. आता अनेक मुलांचा पाय वाचवून आतील रोगट हाडाच्या जागी धातूचा सांधा बसविता येतो. अशा मुलांनी उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत, चालणे, पोहणे, सायकल यांना बहुधा आडकाठी नसते. ज्यांचा पाय गेला त्यांच्यासाठी जयपूरचे रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या खटपटीतून निघालेला जयपूर फूट आहे. त्यावर उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते, शेतात कामही करता येते, आणि देवळात जाताना तो काढून ठेवावा लागत नाही. हुबळीतही महावीर लिंब सेंटरमध्ये कृत्रिम पाय बसवून मिळतात, त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्स याचा उजवा पाय १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, याच रोगाने गेला. १२ एप्रिल १९८० रोजी तो देश ओलांडावयास निघाला, कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला आणि ५,३७३ किलोमीटर गेल्यावर रोग फुफ्फुसांत पसरल्याने थांबला. १९८१ च्या जूनमध्ये तो वारला. त्याची गोष्ट मुलांना सांगताना काळजी घ्यावी. त्याने केले ते सर्वांनी करावे असा तिचा अर्थ नाही. रोज थोडे चालणाऱ्या मुलाला टेरी फॉक्स व्हावयाची गरज नसते.

आता मुलींकडे वळले पाहिजे, कारण तेथे गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलगा दुखण्यातून उठला तर शेजारी कौतुकाने चौकशी करतात. मुलगी उठली तर घरात दबक्या आवाजात ठरते की, बाहेर बोलू नये, पुढे स्थळ पाहावयाचे आहे. महाजन घराणी एकमेकांना ओळखतात. बातमी पणजीत निघाली तर कारवारला पोचते आणि कारवारहून हुबळीला. म्हणून फाईल कपाटाच्या तळाशी जाते. काही घरांत ती जाळलीही जाते. मुलीला तिच्या लहानपणच्या आजाराचे नावही सांगत नाहीत. तिला एवढेच ठाऊक असते की आपण नाजूक आहोत, आपण धावू नये, जड उचलू नये. खेळायला आधीच मुलींना कमी मिळते, त्यातून हिला मुळीच नाही. मेंफिसच्या आकड्यांत स्त्रिया इतक्या पुढे होत्या, त्याची कारणे शरीरशास्त्रात असतील ती असोत. येथील घरांत त्यांत आणखी एकाची भर पडते हे मान्य केले पाहिजे.

आणि पुढे? पंचवीस वर्षांची झाल्यावर ती गरोदर राहते. गरोदरपणात हृदयाला जवळजवळ दीडपट रक्त ढकलावे लागते. लहानपणी लाल औषध मिळालेल्या हृदयाची अशा वेळी आधीच तपासणी हवी, आणि पूर्वीपासून चालण्या-धावण्याची सवय असेल तर तिचा उपयोग येथे होतो. परंतु प्रसूतितज्ज्ञाला विचारले पाहिजे हेच तिला ठाऊक नसते, कारण कागद जळून गेलेला असतो. स्थळाला काय सांगावे आणि केव्हा सांगावे हा ज्या त्या घराचा प्रश्न आहे, त्यावर या व्यासपीठावरून निवाडा देणे उचित नव्हे. मुलीला स्वतःला मात्र सारे सांगितले पाहिजे. तिच्या देहात काय घातले गेले हे जाणण्याचा अधिकार तिचा आहे, घराण्याच्या अब्रूचा नाही.

तो कागद कसा असावा हेही सांगणे अवश्य आहे. एकच पान पुरे. रोगाचे नाव, उपचार सुरू आणि बंद झाल्याच्या तारखा, लाल औषधाची एकूण मात्रा, किरण दिले असतील तर शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती, शल्यक्रिया झाली असेल तर कोणती, आणि पुढे कोणत्या तपासण्या केव्हा कराव्यात. उपचार संपतात त्या दिवशी रुग्णालयाकडून हे पान मागून घ्यावे. जुन्या रुग्णांनीही मागावे. मूळ कागद पत्रिकेशेजारी ठेवावा, एक प्रत मुलाच्या हाती असावी, आणि खेळाच्या शिक्षकाला त्यातील आवश्यक तेवढे सांगावे.

बरी झालेली मुले एकमेकांना भेटली म्हणजे खुर्ची सुटणे सोपे होते, असाही अनुभव आहे. भारतीय कर्करोग संस्था १९५१ पासून काम करते. तिच्या आश्रयाने २००९ पासून 'उगम' नावाचा, बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट मुंबईत उभा आहे. नव्या मुलांना जुनी मुले भेटतात, आणि जी गोष्ट डॉक्टर सांगून पटत नाही ती पंचविशीतला धडधाकट तरुण समोर उभा राहिला की आईवडिलांना क्षणात पटते. मॉस्को येथे २०१० पासून कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. धावणे, पोहणे, फुटबॉल, टेबल टेनिस, नेमबाजी आणि बुद्धिबळ असे सहा प्रकार. टाटा रुग्णालयात उपचार झालेली मुले त्यांत जाऊन आली आणि पदके घेऊन परतली. पदकांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट ही की, त्या मैदानावर कोणीही कोणाला "बस, दमशील" असे म्हणत नव्हते.

महाजन मंडळाच्या मेळाव्यात दरवर्षी मुलांच्या शर्यती होतात. कर्करोगातून उठलेल्या मुलासाठी तेथे वेगळी शर्यत अथवा उत्तेजनार्थ बक्षीस ठेवू नये. त्याने सर्वांबरोबर धावावे आणि शेवटचे यावे. शेवटचे येणे हा धावणाऱ्याचा हक्क आहे. ज्याला धावण्यास मनाई आहे त्याने शिट्टी वाजवावी, वेळ मोजावी, पालखीबरोबर प्रदक्षिणेत चालावे.

आणि कल्पनेतील त्या मुलाच्या वडिलांनी शाळेकडून पहिली चिठ्ठी परत मागून घ्यावी व तिच्या जागी दुसरी द्यावी. तिचा मजकूर साधारण असा असू शकेल: "माझ्या मुलाचे उपचार पूर्ण झाले असून त्याच्या हृदयाची तपासणी वैद्यांनी केली आहे. त्यांच्या संमतीने त्यास कवायत व खेळ यांत भाग घेऊ द्यावा. दम लागल्यास तो स्वतः थांबेल आणि बरे वाटल्यावर स्वतः उठेल. त्यास कोणी बसवू नये. उपचारांच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे."